साच्यात न बसलेले तारे: श्वेत बटूंच्या विचित्र स्फोटांचा इतिहास

पीएचडीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. तेवीस ठिपक्यांचा एक आलेख घेऊन मी मॅडमकडे गेले होते. बावीस ठिपके एका रेषेवर छान बसत होते, एकच खाली बाजूला पडला होता. मी तो काढून टाकला आणि आलेख नीटनेटका करून नेला. मॅडमनी डेटाची फाइल उघडली, ओळी मोजल्या आणि विचारलं, "अगं, तेविसावा कुठंय?"

"तो आउटलायर होता, मॅडम."

"ते दिसतंय. पण का होता?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या ठिपक्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते. आधी त्या "का होता?" या प्रश्नाची एक मोठी गोष्ट सांगायची आहे. माझ्या विषयात, म्हणजे श्वेत बटूंच्या स्फोटांमध्ये, गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे शिकायला मिळालं त्यातलं बरंचसं अशा बाजूला पडलेल्या ठिपक्यांनी शिकवलं. तुमच्यापैकी जे नेट, जेस्ट किंवा पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करताहेत, त्यांनी पाठ्यपुस्तकातली गोष्ट वाचलेली असेलच. तिथूनच सुरुवात करू.

पाठ्यपुस्तकातली गोष्ट

सूर्यासारख्या ताऱ्याचं इंधन संपलं की बाहेरचे थर निघून जातात आणि मागे गाभा उरतो. तो श्वेत बटू. आकार साधारण पृथ्वीएवढा, वस्तुमान मात्र सूर्याच्या तोलाचं. तो स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने कोसळत नाही, कारण आतले दाटीवाटीने कोंबलेले इलेक्ट्रॉन त्याला तोलून धरतात.

१९३० च्या जुलैअखेरीस १९ वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबईहून बोटीने युरोपला निघाले. केंब्रिजला पोचायच्या आधी, त्या प्रवासातच, त्यांनी गणित मांडलं की इलेक्ट्रॉनचे वेग प्रकाशाच्या वेगाजवळ जाऊ लागले तर हा आधार अपुरा पडतो. म्हणजे श्वेत बटूच्या वस्तुमानाला वरची मर्यादा आहे. गंमत म्हणजे १९३१ साली छापलेल्या त्यांच्या पेपरमध्ये हा आकडा ०.९१ सूर्यवस्तुमान आहे, कारण ताऱ्यातल्या द्रव्याबद्दल तेव्हा धरलेली गृहीतकं वेगळी होती. आज आपण जो सुमारे १.४ पाठ करतो तो नंतर आला.

त्याच काळात दुसऱ्या बाजूला स्फोटांची वर्गवारी चालू होती. १९४१ मध्ये रुडॉल्फ मिन्कोव्स्की यांनी सुपरनोव्हांचे वर्णपट पाहून दोन गट केले. हायड्रोजनच्या रेषा नसलेले ते टाइप वन, असलेले ते टाइप टू. पुढे १९८० च्या दशकात टाइप वनचीही फोड झाली, आणि सिलिकॉनची ठळक रेषा दाखवणाऱ्यांना टाइप वन-ए म्हणू लागले. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे: ही नावं वर्णपटात काय दिसतं यावरून दिली आहेत. स्फोट कसा झाला हे त्या नावात नाही.

स्फोट कसा होतो हे सुचवलं फ्रेड हॉइल आणि विल्यम फाउलर यांनी, १९६० मध्ये. दाट झालेल्या द्रव्यात अणुइंधन पेटलं की ते बेलगाम जळत जातं आणि तारा फुटतो. श्वेत बटू असा का पेटावा, याला दोन उत्तरं आली. १९७३ मध्ये व्हीलन आणि आयबन यांनी मांडलं की शेजारच्या साध्या ताऱ्याकडून द्रव्य ओढत ओढत श्वेत बटू मर्यादेजवळ पोचतो. १९८४ मध्ये आयबन आणि टुटुकोव्ह, तसंच स्वतंत्रपणे वेबिंक यांनी मांडलं की दोन श्वेत बटू एकमेकांभोवती फिरत जवळ येतात आणि एक होतात.

मुलाखतीत इथे बरेच जण घसरतात म्हणून सांगते. पहिल्या मार्गात श्वेत बटू मर्यादा "ओलांडतो" आणि मग फुटतो, असं नाही. तो मर्यादेच्या अगदी जवळ येतो, केंद्रातली घनता प्रचंड वाढते, आणि मर्यादा गाठायच्या थोडं आधीच तिथला कार्बन पेटतो.

या चित्राचं आकर्षण काय होतं बघा. प्रत्येक स्फोटाला साधारण तेवढंच वस्तुमान, म्हणजे साधारण तेवढीच दारू. मग प्रत्येक स्फोटाचं तेजही सारखंच असायला हवं. आणि तेज ठाऊक असेल तर दिसणाऱ्या मंदपणावरून अंतर काढता येतं. विश्व मोजायला याहून सोयीची काठी कुठली?

काठी सरळ करण्याचे दिवस

१९९१ साली या चित्राला पहिले दोन धक्के एकापाठोपाठ बसले. १९९१टी हा नेहमीपेक्षा तेजस्वी निघाला, १९९१बीजी बराच मंद. पण १९९३ मध्ये मार्क फिलिप्स यांनी दाखवून दिलं की या फरकातही शिस्त आहे. जो स्फोट जास्त तेजस्वी, तो सावकाश विझतो. जो मंद, तो पटकन. म्हणजे किती वेगाने विझतो हे पाहिलं की तेजाची दुरुस्ती करता येते.

या दुरुस्तीच्या जोरावर १९९८ मध्ये दोन गटांनी विश्वाचं प्रसरण वेग घेतंय हे दाखवलं, आणि २०११ चं भौतिकशास्त्राचं नोबेल पर्लमटर, श्मिट आणि रीस यांना मिळालं. त्या कामात विचित्र दिसणारे सुपरनोव्हा बाजूला काढले जायचे, आणि ते योग्यच होतं. अंतर मोजायचं असेल तर वाकडी काठी वापरून चालत नाही. मात्र "अंतर मोजायला निरुपयोगी" आणि "अभ्यासाला निरुपयोगी" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी माझ्या आलेखात नेमकी हीच गल्लत केली होती.

२००२सीएक्स: तीन उत्तरं, एकही जुळत नाही

मे २००२ मध्ये पालोमारच्या दुर्बिणीतून एक सुपरनोव्हा सापडला, एसएन २००२सीएक्स. वेइडाँग ली आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये त्यावर पेपर लिहिला तेव्हा तो आतापर्यंतचा सर्वांत विचित्र टाइप वन-ए असल्याचं शीर्षकातच म्हटलं.

विचित्रपणा नेमका काय होता? सुरुवातीचा वर्णपट १९९१टीसारखा, म्हणजे तेजस्वी गटातला. तेज मात्र १९९१बीजीसारखं, म्हणजे मंद गटातलं. आणि बाहेर फेकलेल्या द्रव्याचा वेग दोघांच्याही पुढे-मागे नाही, खूपच कमी: नेहमीच्या टाइप वन-एमध्ये सेकंदाला १०,००० किलोमीटर किंवा अधिक असतो, इथे ७,००० च्या आसपास. फिलिप्स यांच्या नियमातही तो बसेना. विझण्याच्या वेगावरून जेवढं तेज हवं, त्यापेक्षा तो कितीतरी मंद होता.

एखादाच असा असता तर "पेक्युलियर" असा शिक्का मारून फाइल बंद झाली असती. पण सौरभ झा आणि सहकाऱ्यांनी स्फोटानंतर बऱ्याच महिन्यांनी घेतलेले त्याचे वर्णपट तपासले, आणि २००६ मध्ये हा एका नव्या उपगटाचा नमुना आहे असं मांडलं. साधा टाइप वन-ए एवढ्या काळात विरळ होऊन जातो, आरपार दिसू लागतो. इथे मात्र इतक्या उशिराही दाट वायू शिल्लक होता आणि तो अगदी संथ गतीने सरकत होता. जणू स्फोट झाला, पण सगळं काही उडालंच नाही.

याच गटातला पुढचा महत्त्वाचा सदस्य २००५एचके. त्याचा सुमारे चारशे दिवसांचा पाठपुरावा करणाऱ्या एका अभ्यासात लडाखमधल्या हान्लेची दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण कामाला होती. देवेंद्र साहू आणि सहकाऱ्यांचा तो पेपर २००८ मध्ये आला. हे मुद्दाम सांगतेय. साडेचार हजार मीटरवरची ही दुर्बीण बंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवली जाते. वेळेसाठी रीतसर प्रस्ताव लिहायचा असतो, आणि तो कसा लिहायचा हे तुम्हाला पुढे शिकावं लागणारच आहे.

वाद: हा आमचा की तुमचा?

नोव्हेंबर २००८. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅरोलाइन मूर या १४ वर्षांच्या हौशी निरीक्षक मुलीला एक सुपरनोव्हा सापडला, २००८एचए. तो नेहमीच्या टाइप वन-एपेक्षा सुमारे १०० पट मंद होता आणि द्रव्याचा वेग होता सेकंदाला जेमतेम २,००० किलोमीटर.

आता वाद पेटला. स्टेफानो व्हॅलेंटी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये म्हटलं की हा श्वेत बटू नाहीच. एका मोठ्या ताऱ्याचा गाभा कोसळून झालेला दुबळा स्फोट आहे. आणि तसं असेल तर कदाचित २००२सीएक्सचा सगळा गटच तसा असेल. रायन फोली आणि सहकाऱ्यांचा कल श्वेत बटूकडे होता. २०१० मध्ये फोली यांच्या गटाने स्फोटाच्या अगदी सुरुवातीचे वर्णपट दाखवले. त्यात सिलिकॉन आणि गंधक स्पष्ट दिसत होतं. कार्बन-ऑक्सिजन जळल्याची ही खूण. पारडं श्वेत बटूकडे झुकलं.

मगाशी म्हटलं होतं ना, नावात स्फोटाची रीत नसते? या वादाचं मूळ तिथेच आहे. वर्णपट सारखा दिसला म्हणून आतली यंत्रणा सारखी असेलच असं नाही, आणि वेगळा दिसला म्हणून वेगळी असेलच असंही नाही.

२०१३ मध्ये फोली आणि सहकाऱ्यांनी २५ सदस्य गोळा करून या गटाला नाव दिलं: टाइप वन-एएक्स. त्यांचा अंदाज असा की दर १०० टाइप वन-एमागे असे साधारण ३० स्फोट होत असावेत. ते मंद असतात म्हणून नजरेतून निसटतात. म्हणजे ज्याला आपण अपवाद म्हणत होतो तो एवढा दुर्मिळ नव्हताच.

स्फोटाआधीचा फोटो

कुठलाही टाइप वन-ए होण्याआधी त्या जागी काय होतं, हे दाखवणारा फोटो कोणाकडे नव्हता. २०११ मध्ये सप्तर्षींच्या परिसरातल्या एम १०१ या जवळच्या दीर्घिकेत २०११एफई फुटला, तेव्हा हबलची जुनी छायाचित्रं काढून पाहिली गेली. त्या जागी काहीच दिसलं नाही. त्यावरून शेजारी लाल राक्षसी तारा नव्हता एवढं सांगता आलं.

आता एनजीसी १३०९ ची गंमत ऐका. जवळपास ११ कोटी प्रकाशवर्षांवरच्या या दीर्घिकेत २००२ मध्ये एक साधा, शहाण्यासारखा टाइप वन-ए फुटला होता. त्याचा अंतरमोजणीसाठी उपयोग करायचा म्हणून हबलने २००५-०६ मध्ये त्या दीर्घिकेतल्या सेफिड ताऱ्यांची खूप खोल छायाचित्रं घेतली. विचित्र स्फोटांशी या कामाचा काडीचा संबंध नव्हता. आणि जानेवारी २०१२ मध्ये त्याच दीर्घिकेत टाइप वन-एएक्स गटातला २०१२झेड फुटला!

कर्टिस मॅककली आणि सहकाऱ्यांनी जुने फोटो काढले. स्फोटाच्या नेमक्या जागी एक निळसर ठिपका होता. २०१४ मध्ये त्यांनी मांडलं की तो बहुधा श्वेत बटूला द्रव्य पुरवणारा हेलियमचा तारा असावा. श्वेत बटूच्या स्फोटाआधीची व्यवस्था पहिल्यांदा दिसली ती अशी, साध्या नव्हे, विचित्र स्फोटात.

पुढे काय व्हायला हवं होतं? स्फोट विझला की तिथे फार तर तो सोबती उरायला हवा. बऱ्याच वर्षांनी हबलने परत पाहिलं. मॅककलींच्या गटाच्या २०२२ च्या पेपरप्रमाणे तिथला प्रकाश आधीच्या ठिपक्याच्या सुमारे दुप्पट होता. सोबत्याशिवाय आणखी काहीतरी तिथे चमकतंय.

अर्धवट फुटलेला तारा

ते "काहीतरी" काय असू शकेल याचं उत्तर गणितात आधीच आलेलं होतं. श्वेत बटूत आग दोन तऱ्हांनी पसरू शकते. एक, ध्वनीपेक्षा वेगाने जाणारा धक्का, म्हणजे डिटोनेशन. यात काही उरत नाही. दुसरी, ध्वनीपेक्षा हळू पसरणारी ज्वाला, म्हणजे डिफ्लॅग्रेशन. ज्वाला पसरत असताना तारा फुगतो, थंडावतो, आणि आग अर्ध्यावर विझू शकते. मार्कुस क्रोमर आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या संगणकीय प्रारूपात १.४ सूर्यवस्तुमानापैकी ०.४ च्या आसपास बाहेर फेकलं जातं आणि सुमारे १ सूर्यवस्तुमानाचा जळका गोळा मागे राहतो. हे प्रारूप २००५एचकेशी बऱ्यापैकी जुळलं. उशिरापर्यंत दिसणारा संथ, दाट वायू म्हणजे याच गोळ्यावरून निघणारा वारा असू शकतो.

मग असे गोळे आकाशगंगेत सापडायला हवेत. २०१७ मध्ये स्टेफान व्हेन्स आणि सहकाऱ्यांनी एलपी ४०-३६५ या ताऱ्याचा वर्णपट छापला. त्यात हायड्रोजन-हेलियम दिसत नाही, निऑन, ऑक्सिजन, मॅग्नेशियम आहे, आणि तो आकाशगंगेतून कायमचा निसटून जाण्याइतक्या वेगाने पळतोय. अर्धवट स्फोटाने घरातून हाकलून दिलेला तारा.

एप्रिल २०१८ मध्ये गाया उपग्रहाची दुसरी माहिती खुली झाली, आणि केन शेन यांच्या गटाने त्यातून सेकंदाला १,००० किलोमीटरहून जास्त वेगाने धावणारे तीन तारे शोधले. यांची कथा मात्र वेगळी. दोन श्वेत बटू अगदी जवळ फिरताहेत. एकावरचा हेलियमचा पातळ थर फुटतो, त्या धक्क्याने आतला कार्बन फुटतो, तो तारा पूर्ण नाहीसा होतो, आणि गोफण सुटावी तसा दुसरा भिरकावला जातो. या मार्गात चंद्रशेखर मर्यादेजवळ जायची गरजच पडत नाही!

आठशे वर्षांपूर्वीची नोंद

ऑगस्ट ११८१ मध्ये चीन आणि जपानमधल्या निरीक्षकांनी आज आपण शर्मिष्ठा म्हणतो त्या तारकासमूहात नवा तारा दिसल्याची नोंद केली. तो १८५ दिवस दिसत होता. त्याचा अवशेष म्हणून बरीच वर्षं ३सी ५८ या तेजोमेघाकडे बोट दाखवलं जायचं, पण त्याच्या प्रसरणावरून आणि आतल्या पल्सारवरून निघणारं वय काही हजार वर्षांचं येतं. जुळत नव्हतं.

२०१३ मध्ये डेना पॅचिक या हौशी अभ्यासकाला वाइज या अवरक्त दुर्बिणीच्या जुन्या छायाचित्रांत तिथेच एक गोल तेजोमेघ दिसला. नाव पडलं पीए ३०. २०१९ मध्ये ग्वारामाद्झे आणि सहकाऱ्यांनी त्याच्या मधल्या ताऱ्याचा वर्णपट घेतला: हायड्रोजन नाही, हेलियम नाही, तापमान सुमारे २ लाख अंश, आणि सेकंदाला १६,००० किलोमीटर वेगाचा वारा. २०२१ मध्ये रिटर आणि सहकाऱ्यांनी तेजोमेघाचा प्रसरणवेग मोजला, सेकंदाला सुमारे १,१०० किलोमीटर. उलटं गणित केलं तर स्फोट साधारण हजार वर्षांपूर्वीचा ठरतो. पुढे केक दुर्बिणीच्या त्रिमिती मोजणीतून निघालेला काळ बाराव्या शतकाच्या मध्याजवळ, काही दशकं इकडे-तिकडे. ११८१ त्यात आरामात बसतं.

पण इथे एक मेख आहे. २०१२झेडमध्ये पुरवठादार हेलियमचा तारा होता असं दिसतं. पीए ३० मध्ये मात्र दोन श्वेत बटू एक झाल्याच्या खुणा आहेत. म्हणजे "विचित्र" या एका गटातसुद्धा मार्ग दोन असू शकतात.

मला या सगळ्या इतिहासाचं सार इथे दिसतं. टाइप वन-एचा जनक कोण, असा प्रश्न आपण पन्नास वर्षं एकवचनात विचारत होतो. विचित्र स्फोटांनी तो अनेकवचनी केला. दुसऱ्या टोकाला २००३एफजीसारखे स्फोटही आहेतच: २००६ मध्ये अँडी हॉवेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्याच्या तेजाचा हिशेब लावायला सुमारे दोन सूर्यवस्तुमानांचा तारा लागतो, म्हणजे मर्यादेच्याही वर. त्याचा मार्ग कोणता, यावर एकमत अजून झालेलं नाही. आणि साध्या टाइप वन-एपैकी किती कोणत्या मार्गाने येतात, हेही उघडंच आहे. काठीत कोणकोणतं लाकूड मिसळलंय हे कळल्याशिवाय विश्वाची मोजणी आणखी बारीक करता येणार नाही. त्यामुळे हा प्रश्न फक्त हौसेचा नाही.

तुमच्यासाठी

पहिलं, आपल्या विषयातलं कुठलंही नाव घेताना स्वतःला विचारा: हे नाव दिसण्यावरून दिलंय की कारणावरून? मुलाखतीत हा फरक सांगता आला तरी तुमची तयारी कळते.

दुसरं, जुना डेटा टाकू नका. सेफिडसाठी काढलेला फोटो, वाइजची पडून असलेली छायाचित्रं, आठशे वर्षांपूर्वीची दरबारी नोंद. ज्यांनी त्या नोंदी केल्या त्यांना त्यांचा असा उपयोग होईल हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी फक्त तारीख, जागा आणि जे दिसलं ते प्रामाणिकपणे लिहून ठेवलं.

तिसरं, माझा तेविसावा ठिपका. मॅडमनी मला परत पाठवलं. दोन आठवडे घालवून कळलं की त्या रात्रीच्या निरीक्षणात मी तुलनेसाठी चुकीचा तारा निवडला होता. शोध वगैरे काही नव्हता, माझीच चूक होती. चूक दुरुस्त केली आणि ठिपका मुकाट्याने रेषेवर येऊन बसला. बहुतेक आउटलायर असेच असतात, हेही सांगायला हवं. पण त्या दोन आठवड्यांत आणखी चार रात्रींत तीच चूक सापडली. ते चार ठिपके रेषेवर "छान बसलेले" होते, म्हणून त्यांच्याकडे मी बघितलंच नव्हतं.

तेव्हापासून माझ्या वहीत एक पान ठेवलंय. काढून टाकलेला प्रत्येक ठिपका तिथे लिहायचा, आणि पुढे कारण. कारण लिहिता येत नसेल तर ठिपका आलेखावर राहतो.